आणखी एक काम मास्तरांकडे

विद्यार्थ्यांच्या मनावरील ताणाची चर्चा महाराष्ट्रात वर्षातून दोनदा हमखास होते. एकदा दहावी-बारावीचे निकाल लागतात तेव्हा आणि दुसऱ्यांदा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा वार्षिक अहवाल येतो तेव्हा. या विभागाच्या २०२३ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १३,८९२ विद्यार्थ्यांनी आपले आयुष्य संपविले आणि त्यातील २,०४६ महाराष्ट्रातील होते. आदल्या वर्षी राज्यातील हा आकडा १,७६४, तर २०२१ मध्ये १,८३४ होता. तिन्ही वर्षी महाराष्ट्र या यादीत पहिल्या क्रमांकावर राहिला. मोठ्या आणि नोंदी तुलनेने काटेकोर ठेवणाऱ्या राज्याचे आकडे फुगलेले दिसतात, असे त्यावर सांगितले जाते. त्यात काही तथ्य असेलही. पण वाढ का झाली, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

अशा प्रत्येक चर्चेनंतर शासनयंत्रणा काहीतरी करते आणि ते करण्याची तिची एक ठरलेली पद्धत आहे. परिपत्रक निघते, पुस्तिका छापली जाते, दोन दिवसांचे प्रशिक्षण ठरते आणि प्रत्येक शाळेतून एक-दोन शिक्षकांची नावे मागविली जातात. मुलांच्या मनाची काळजी कोणी घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर जणू ठरूनच गेलेले आहे. शिक्षकाने घ्यावी. तो मुलांच्या सर्वांत जवळचा, तो शाळेत हजर असलेला आणि मुख्य म्हणजे त्याच्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. हे उत्तर वरवर पाहता निर्विवाद वाटते. गेल्या दहा-पंधरा वर्षांतील संशोधन मात्र त्याला सहजासहजी दुजोरा देत नाही.

यातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा परदेशातून नव्हे, तर बिहारमधून आलेला आहे आणि त्याचे धागे गोव्याशी जुळलेले आहेत. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी नालंदा जिल्ह्यातील पाऊणशेच्या आसपास सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शाळांचे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटातील प्रत्येक शाळेला एक स्वतंत्र ‘मित्र’ देण्यात आला. हा मित्र मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. प्रशिक्षण दिलेला सामान्य कार्यकर्ता होता. दुसऱ्या गटात तेच काम, त्याच साहित्यासह, शाळेतील एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन सोपविण्यात आले. तिसऱ्या गटात सरकारचा किशोरवयीन शिक्षणाचा नेहमीचा कार्यक्रम तेवढा चालू राहिला.

काम काही अद्भुत नव्हते. प्रार्थनेच्या वेळी एखाद्या विषयावर बोलणे, भित्तिपत्रक चालविणे, स्पर्धा घेणे, मुलांना नाव न लिहिता मनातले टाकता येईल अशी पेटी ठेवणे, आणि ज्याला गरज असेल त्याच्याशी एकट्याने बसून त्याच्या अडचणीचा गुंता सोडविणे. नववीच्या तेरा-चौदा हजार मुलामुलींकडून आठ महिन्यांनी माहिती घेण्यात आली. जेथे स्वतंत्र मित्र होता तेथे शाळेतील वातावरण स्पष्टपणे सुधारले होते; नैराश्याची लक्षणे, एकमेकांची छळवणूक आणि हिंसा कमी झाली होती. जेथे तेच काम शिक्षकाकडे होते तेथे, ज्या शाळांत काहीच नवे केले नव्हते त्यांच्या तुलनेत, फरक दिसला नाही. पुढे २०२० मध्ये याच अभ्यासाचा दुसरा टप्पा प्रसिद्ध झाला. सतरा महिन्यांनंतर मित्र असलेल्या शाळांतील सुधारणा आणखी ठळक झाली होती. शिक्षकाच्या शाळा होत्या तेथेच होत्या.

या निष्कर्षाचा अर्थ बिहारचे शिक्षक कामचुकार आहेत, असा लावणे सोपे आहे आणि चुकीचेही. संशोधकांनी जी संभाव्य कारणे मांडली ती कोणत्याही राज्यातील शिक्षकाला ओळखीची वाटतील. मुळात वेळ नाही, हे पहिले. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. जो माणूस उत्तरपत्रिका तपासतो, उशीर झाला म्हणून वर्गाबाहेर उभे करतो आणि पालकसभेत वडिलांना भेटतो, त्याच्याजवळ घरातले भांडण किंवा मनातली भीती बोलून दाखविणे मुलाला अवघड जाते. शिक्षक कितीही मायाळू असला तरी गुण देणारा हात त्याचाच असतो.

याची एक पुष्टी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या पाहणीत सापडते. सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत देशभरातील सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्यात आले होते. अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही चिंतेची कारणे असल्याचे ८१ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. वृत्तपत्रांनी मथळा केला तो याच आकड्याचा. त्याच अहवालात आणखी एक लहानसा आकडा होता. प्रश्न विचारायला संकोच वाटतो, असे २८ टक्के विद्यार्थ्यांचे म्हणणे होते. गणित समजले नाही हे सांगायला जो कचरतो, तो झोप लागत नाही हे त्याच शिक्षकाला सांगेल, ही अपेक्षा जरा जास्तच म्हटली पाहिजे. दुसरीकडे, संकोच हा मुलांचा स्थायीभाव आहे असेही नाही. दिल्लीतील सरकारी शाळांत ‘संगत’च्याच संशोधकांना असे आढळले, की समुपदेशकाने वर्गात जाऊन एक सत्र घेतले, मनावरचा ताण म्हणजे काय आणि मदत कोठे मिळेल हे समजावून दिले, की स्वतःहून मदत मागणाऱ्या मुलांची संख्या लक्षणीय वाढते. मुले बोलतात; कोणाशी बोलायचे हे ती पाहून ठरवितात.

‘सेहर’चा निष्कर्ष २०१८ च्या अखेरीस जगापुढे आला होता. त्यानंतर सव्वा वर्षाने, फेब्रुवारी २०२० मध्ये, केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू केला. त्यात अकरा विषय आहेत आणि दुसरा विषय भावनिक व मानसिक स्वास्थ्याचा आहे. हेतू स्तुत्य, अभ्यासक्रमही बरा. तो राबविणार कोण? प्रत्येक शाळेतील दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री. त्यांना ‘हेल्थ अँड वेलनेस अॅम्बॅसेडर’ असे भारदस्त नाव देण्यात आले आणि आठवड्यातून एक तास त्यांच्याकडे सोपविण्यात आला. म्हणजे याच देशातील सरकारी शाळांत ज्या रचनेचा उपयोग झाला नाही असे मोठ्या चाचणीत दिसले होते, नेमकी तीच रचना देशासाठी निवडण्यात आली. धोरणकर्त्यांनी तो अभ्यास वाचला नव्हता असे मानण्याचे कारण नाही. वेगळा माणूस नेमायचा तर पद निर्माण करावे लागते आणि पद म्हटले की वित्त विभाग येतो. शिक्षक आधीच पगारपत्रकावर असतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. शिक्षकाकडून हे काम होऊच शकत नाही, असे जगातील सर्व संशोधन सांगत नाही. जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २ लाख ७० हजारांहून अधिक विद्यार्थी होते. भावना ओळखणे, आवरणे, दुसऱ्याशी जुळवून घेणे या गोष्टी वर्गात शिकविल्यास मुलांचे वर्तन आणि गुण दोन्ही सुधारतात, असा त्याचा निष्कर्ष होता आणि वर्गशिक्षकांनीच चालविलेले कार्यक्रम परिणामकारक ठरले होते. त्यातील बहुतेक कार्यक्रम अमेरिकेतील होते. वर्गात भावनांविषयी शिकविणे आणि अडचणीत सापडलेल्या एकेका मुलाचा आधार होणे, ही दोन निराळी कामे आहेत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पहिले शिक्षकाचे असू शकते. दुसऱ्यासाठी मोकळा वेळ आणि मोकळा माणूस लागतो.

पहिले कामही वाटते तितके सोपे नाही, हे ब्रिटनमधील ‘मिरियाड’ या प्रयोगाने दाखविले. ऑक्सफर्डच्या संशोधकांच्या पुढाकाराने ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर तो करण्यात आला. शिक्षकांनी आधी स्वतः सजगतेचे, म्हणजे ‘माइंडफुलनेस’चे धडे घ्यायचे आणि मग ते वर्गात शिकवायचे, अशी योजना होती. २०२२ मध्ये निकाल आले. मुलांच्या नैराश्यात वा एकूण स्वास्थ्यात नेहमीच्या शिक्षणाच्या तुलनेत काही सुधारणा नव्हती. बहुतेक मुले घरी सराव करीतच नव्हती. थोडाफार फायदा झाला तो शिक्षकांना. त्यांचा थकवा काही काळ कमी झाला. औषध मुलांसाठी आणले होते आणि गुण आला तो मास्तरांना, असा हा प्रकार होता.

तो गमतीचा वाटला तरी दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मुलांच्या मनाविषयीच्या चर्चेत शिक्षकाच्या मनाचा विषय सहसा निघतच नाही आणि निघाला तर वेगळ्या परिसंवादात निघतो. वास्तविक एकाच खोलीत दिवसाचे पाच-सहा तास काढणाऱ्या माणसांच्या मनःस्थितीचे दोन स्वतंत्र हिशेब असू शकत नाहीत. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या इव्हा ओबर्ले आणि किंबर्ली शोनर्ट-राइकल यांनी २०१६ मध्ये हेच मोजून पाहिले. चौथी ते सातवीच्या चारशेवर मुलांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण सकाळी तपासण्यात आले. शरीर ताणाला कसा प्रतिसाद देत आहे, हे त्यावरून कळते. ज्या वर्गांचे शिक्षक अधिक थकलेले, कामाला विटलेले होते, त्या वर्गांतील मुलांमध्ये हे प्रमाण अधिक आढळले. शिक्षकाचा थकवा मुलांपर्यंत पोहोचतो की त्रासदायक वर्गामुळे शिक्षक थकतो, हे या अभ्यासावरून ठरत नाही. कदाचित दोन्ही होत असेल. पण संबंध आहे, एवढे निश्चित.

इंग्लंड आणि वेल्समधील २५ माध्यमिक शाळांच्या अभ्यासातही २०१९ मध्ये तेच दिसले. शिक्षकांचे मानसिक स्वास्थ्य जेथे बरे, तेथे विद्यार्थ्यांचेही बरे. या संबंधामागे दोन गोष्टी अंशतः आढळल्या. एक म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील नात्याची प्रत. दुसरी अशी, की बरे वाटत नसतानाही शिक्षक शाळेत येत राहतात, हजर असतात आणि तरीही मुलांच्या वाट्याला येत नाहीत. आपल्याकडील हजेरीपटाला ही दुसरी अवस्था कळण्याचा काही मार्ग नाही. याच शाळांत पुढे शिक्षकांना मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आणि सहकाऱ्यांचा आधारगट देऊन पाहण्यात आला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निकाल निराशाजनक होता. शिक्षकांच्या स्वास्थ्यात फरक पडला नाही. कामाचा डोंगर आहे तेवढाच ठेवून तो चढताना श्वास कसा घ्यावा, हे शिकविल्याने डोंगर लहान होत नाही.

महाराष्ट्रातील शिक्षकाच्या डोंगराची मोजदाद करायला कोणत्याही नव्या पाहणीची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली. अपवाद मात्र एवढे ऐसपैस आहेत, की त्यांतून वर्षभराचे काम निघू शकते. त्याशिवाय पोषण आहाराच्या नोंदी, ‘सरल’ आणि ‘यू-डायस’वर भरावयाची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार जुळणी, उपक्रमांची छायाचित्रे हे सारे आहेच. राज्य सरकारने २०२४ मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा आदेश काढला, यातच दुखणे किती जुने आहे याची कबुली होती. २०२५ च्या अखेरीस गोव्यासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदारयाद्यांची विशेष पडताळणी झाली. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांवर, ज्यांत शिक्षकांचे प्रमाण मोठे आहे, कामाचा इतका ताण आला, की डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला जादा कर्मचारी नेमण्याचे निर्देश राज्यांना द्यावे लागले.

नोकरीच्या अनिश्चिततेचा ताण यापेक्षाही वेगळा. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काढणाऱ्या प्राथमिक शिक्षकाला २०२२ पर्यंत महिना सहा हजार रुपये मिळत. २०२३ पासून ते सोळा हजार झाले. विनाअनुदानित शाळांतील अनेकांची उमेदीची वर्षे अनुदानाच्या टक्क्यांची वाट पाहण्यात गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरविले. शिक्षकांची गुणवत्ता हा वादाचा मुद्दा होऊ शकत नाही. परंतु वीस-पंचवीस वर्षे शिकविल्यानंतर नोकरी टिकविण्यासाठी परीक्षेला बसावे लागणारी व्यक्ती दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मुलांना ‘परीक्षा म्हणजे सर्वस्व नव्हे’ असे कोणत्या तोंडाने सांगणार, हा प्रश्न राहतोच.

आणि जेथे शिक्षकच एकटा आहे तेथे काय? ‘यू-डायस’च्या २०२४-२५ च्या माहितीनुसार देशात एकशिक्षकी शाळांची संख्या १,०४,१२५ होती आणि त्यांत ३३ लाखांवर मुले शिकत होती. महाराष्ट्रात अशा आठ हजारांहून अधिक शाळा होत्या. अशा शाळेतील गुरुजी किंवा बाई चार इयत्ता एकाच वेळी सांभाळतात, खिचडी शिजली का हे पाहतात आणि केंद्रप्रमुखांचा फोनही घेतात. त्यांतून दोन ‘अॅम्बॅसेडर’ कसे निवडायचे, याचा खुलासा मार्गदर्शिकेत शोधण्यात अर्थ नाही.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने दिलेला निकाल या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या विशाखापट्टणम येथील मृत्यूच्या प्रकरणात न्यायालयाने पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि कायदा होईपर्यंत ती बंधनकारक राहतील, असे सांगितले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, गुणांनुसार तुकड्या पाडू नयेत, मुलांचा चारचौघांत पाणउतारा करू नये, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, अशी ती तत्त्वे आहेत. यातील पहिले तत्त्व ‘सेहर’च्या निष्कर्षाशी जुळणारे आहे. स्वतंत्र माणूस हवा, हे प्रथमच एवढ्या स्पष्टपणे सांगितले गेले.

अडचण शंभराच्या रेषेची आहे. वाडीवस्तीवरील जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा या रेषेच्या खाली राहतात. त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संपर्कव्यवस्था ठेवावी, असे न्यायालयाने म्हटले. पण ‘निम्हान्स’ने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नव्हता आणि १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना उपचाराची गरज होती. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के होते. गडचिरोली किंवा नंदुरबारमधील शाळेसाठी ‘संपर्कव्यवस्था’ म्हणजे तूर्त तरी जिल्हा रुग्णालय आणि ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक, एवढेच. हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि विद्यार्थ्यांइतकाच तो शिक्षकांसाठीही आहे, हे मात्र शाळाशाळांच्या फलकावर लिहायला हरकत नाही.

बिहारमधील प्रयोगाचे खरे महत्त्व अशाच शाळांसाठी आहे. तेथे शाळेला मिळालेला मित्र तज्ज्ञ नव्हता. थोडे प्रशिक्षण, नियमित देखरेख आणि फक्त याच कामासाठी राखून ठेवलेला वेळ, एवढ्यावर तो उभा होता. पाच-सहा लहान शाळांच्या केंद्रासाठी असा एक कार्यकर्ता नेमणे अशक्य कोटीतील नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळासंकुलासाठी समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते असावेत, असे म्हटले आहे. आशा सेविकेच्या रूपाने आरोग्य विभागाने असा मधला माणूस खेडोपाडी उभा करून दाखविला. तिला दिल्या जाणाऱ्या मोबदल्याचा इतिहास मात्र शिक्षण विभागाने गिरवू नये.

न्यायालयाच्या निकालाची अंमलबजावणी राज्यात कशी होते, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. जो शासन आदेश शाळेपर्यंत पोहोचेल, त्यात समुपदेशकाचे पद, वेतनश्रेणी आणि लेखाशीर्ष नमूद असेल, की ‘मुख्याध्यापकांनी आपल्या शाळेतील एका शिक्षकाचे नाव सोबतच्या विहित नमुन्यात तत्काळ कळवावे’ असे वाक्य असेल?